बुंधा खाली, शेंडा वर

"आधी बसा."

शेडमध्ये कुणीही आलं की आमच्या मिस्त्रींचे पहिले शब्द हेच. माणूस दारातूनच सुरू व्हायचा. सोफा हवाय, दिवाळीच्या आत हवाय, मापं लिहून आणलीत. मिस्त्री हातातली पटाशी खाली ठेवायचे, एक स्टूल पुढे सरकवायचे आणि म्हणायचे, "आधी बसा. मग बोलू."

लोकांना वाटायचं, पाहुणचार चाललाय. पाहुणचार व्हायचाच, आतून काकू चहा पाठवायच्या. पण मिस्त्रींचं लक्ष चहाकडे नसायचं. ते समोर फरशीवर उकिडवे बसून त्या माणसाचं बसणं बघत राहायचे. पाय जमिनीला टेकतात का, पाठ कुठे वाकते, हात कुठे जातात. मग खिशातून टेप काढून गुडघ्यामागच्या खळगीपासून जमिनीपर्यंत माप घ्यायचे. टेलर पँटचं घेतो तसं. बायकांचं माप मला घ्यायला सांगायचे.

तुम्हीही कधी लग्नाच्या हॉलमध्ये जेवणाची वाट बघताना लोकांचं बसणं बघा. कुणी खुर्ची भरून बसतं, कुणी नुसतं कडेला टेकतं. मला ही खोड त्यांच्यामुळेच लागली.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. इतकी वर्षं त्यांच्याकडे काम केलं, पण एकाही वस्तूवर त्यांनी नाव घातलेलं मी पाहिलं नाही. गिऱ्हाईक विचारायचं, "मिस्त्री, तुमची सही कुठंय?" ते म्हणायचे, "बसल्यावर कळेल." म्हणून या वहीतही ते मिस्त्रीच राहू देत. मी त्यांना काका म्हणायचे.

सुतारकी त्यांच्या घरातलीच होती, पण उमेदीची वर्षं गेली नाशकातल्या अंबडच्या एका कारखान्यात. लोखंड ओतायचा साचा करायला आधी लाकडाचा नमुना लागतो, तो ते करायचे. त्यात केसाएवढी चूक चालत नाही. कारखान्याने त्यांना एकदा सहा महिने जपानला पाठवलं आणि पुढे एका हिवाळ्यात फिनलंडला. फिनलंड कुठे असतं ते मला माझ्या धाकट्या मुलीने शाळेच्या नकाशात दाखवलं. पार वर, कागद संपतो तिथे.

बरोबरच्या लोकांनी येताना टेपरेकॉर्डर आणले, कॅमेरे आणले. मिस्त्रींनी जपानहून एक करवत आणली आणि फिनलंडहून एक तीन पायांचं स्टूल. काकू ही गोष्ट येईल त्याला सांगायच्या. "विमानात स्टूल घेऊन आला हा माणूस. विमानातल्या बायांना वाटलं असेल, याला बसायला जागा मिळाली नाही."

मिस्त्री हसायचे, पण त्या स्टुलावरून कधी कापड फिरवल्याशिवाय राहायचे नाहीत. सांगायचे, "अगं, तिथे मी मोठ्या साहेबाच्या घरी जेवायला गेलो, तर हेच स्टूल. शाळा बघायला गेलो, तर हेच. कारखान्याचं गेट उघडणाऱ्याच्या घरी चहा प्यायलो, तिथेही हेच. बसायच्या बाबतीत कुणी लहानमोठं नाही." हे सांगताना त्यांचा आवाज असा व्हायचा की जणू ते त्यांच्याच गावाचं कौतुक करताहेत.

पुढे कारखान्यातून त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि इंदिरानगरला आपल्या घरामागे पत्र्याची शेड टाकली. ते दिवस सनमायकाचे होते. प्रत्येकाला शोकेस हवी असायची, फोमचा सोफा हवा असायचा आणि त्याच्यावर जितकं कोरीव काम होईल तितकं हवं असायचं. आणि आमच्या शेडमध्ये खिळा नव्हता. एकही नाही. लाकडात लाकूड बसायचं, वरून पाचर ठोकायची, संपलं. पॉलिशही नाही, जवसाचं तेल.

एकदा बँकेतले एक साहेब आले. त्यांना सोफ्याच्या हातांवर सिंहाची तोंडं हवी होती. मिस्त्री म्हणाले, "आधी बसा." साहेब बसले. बराच वेळ बोलले. मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साहेब, इतका वेळ तुमचे हात मांडीवर आहेत. मग सिंह चावणार कुणाला?"

साहेब रागावून गेले. आठ दिवसांनी बायकोला घेऊन परत आले. त्या बाई स्टुलाच्या अगदी कडेवर बसल्या, पदर सावरून, आता उठावं लागेल अशा. मिस्त्रींनी त्यांच्याकडे बघितलं आणि साहेबांना म्हणाले, "सोफा राहू द्या. आधी यांना खुर्ची करू. या टेकतच नाहीत." बाई एकदम खाली बघायला लागल्या. त्यांच्यासाठी जी खुर्ची केली तिची बैठक मागे जरा उतरती होती, बसलं की आपोआप पाठ टेकायची. न्यायला आल्या तेव्हा त्या तिच्यात बसल्या आणि उठेचनात. साहेब दारात गाडीची किल्ली वाजवत उभे. मिस्त्री मला हळूच म्हणाले, "बघ, झाली खुर्ची."

मी त्यांच्याकडे लागले ती काकूंची भांडी घासायला. माहेर माझं सायखेड्याचं, चौथीपर्यंत शाळा, मग वडिलांबरोबर भाजीची बांधणी. लग्न होऊन नाशकात आले. नवरा मार्केटला भाजी घेऊन जायचा, घर चालायचं, पण ओढून ताणून. भांडी झाली की शेड झाडायचं कामही माझ्याकडे आलं. मी कुणाशी बोलायची नाही. दिवसाला तीन-चार शब्द, तेही काकूंशी.

एकदा फळीवरचे छिलपे हाताने लोटत होते. मिस्त्रींनी मान वर केली. "रंध्याच्या दिशेनंच हात फिरवतेस. कुणी शिकवलं?"

मी छिलपे लोटत राहिले.

"उलटा फिरवला तर काय होतं?"

"कुसळ भरतं," मी म्हणाले.

त्यांनी दुसऱ्या दिवसापासून माझ्या हातात पटाशी आणि दगड दिला. घासत बस. पावसाळा गेला, दिवाळी गेली, मी नुसती धारच लावत होते. काकू म्हणाल्या, "तिला काही बोलायला तरी शिकवा." मिस्त्री म्हणाले, "नाही बोलली तर काय बिघडलं? लाकूड कुठं बोलतं? तरी मी दिवसभर त्याच्यासोबत असतो."

मग रंधा दिला. त्याची परीक्षा अशी होती. रंध्यातून निघालेला छिलपा पेपरवर पसरायचा आणि त्याच्यातून खालची अक्षरं वाचायची. वाचता आली म्हणजे छिलपा पातळ, रंधा बरोबर चालला. जपानात त्यांच्या खोलीशेजारी एक म्हातारा सुतार राहायचा, दर रविवारी हे त्याच्या अंगणात जाऊन बसायचे. एकमेकांची भाषा येत नव्हती. पातळ छिलपा काढायचं वेड त्या म्हाताऱ्याकडून आलेलं.

माझा पहिला छिलपा त्यांनी पेपरवर ठेवला. "वाच."

मी एकेक अक्षर लावत वाचायला लागले. धर... णा... तून... पा... णी. मिस्त्री वाकून बघायला लागले. छिलपा उचलून उजेडात धरला, परत ठेवला. "जाड झालाय का गं? मला तर नीट दिसतंय."

माझे कान गरम झाले. "छिलपा बरोबर आहे काका. मीच हळू वाचते."

ते हसले नाहीत. "मग ठीक आहे," म्हणाले. "पुढं वाच."

त्या दिवसापासून रोज कामाला सुरुवात करायच्या आधी एक छिलपा आणि त्याच्याखालची एक बातमी, मोठ्याने. काकू म्हणायच्या, "हे सुतारकाम चाललंय की शाळा?" शाळेत मी चार वर्षं बस्करावर बसले होते. वाचायला आलं ते या शेडमध्ये, सागाच्या छिलप्यातून.

आता त्यांच्या एका नेमाबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

लाकडाची फळी आली की मिस्त्री ती दारात उजेडाला न्यायचे. तळहात तिच्यावर सपाट ठेवून जरा वेळ थांबायचे, मग फळी उलटसुलट करून बघायचे आणि एका टोकाला गेरूचा ठिपका लावायचे. ते टोक बुंध्याकडचं. झाड उभं असताना जमिनीकडे होतं ते. त्या फळीतून खुर्चीचे पाय निघाले की प्रत्येकाच्या त्याच टोकाला ते ठिपका करायचे, आणि ते टोक खालीच यायला हवं. "बुंधा खाली, शेंडा वर," ते म्हणायचे. "इतकी वर्षं झाड ज्या पायावर उभं राहिलं, त्यावरच उभं राहू दे. त्याला डोक्यावर कशाला उभं करायचं?"

हेही त्या जपानी म्हाताऱ्याचं. त्याने म्हणे मिस्त्रींना अंगणातल्या झाडाजवळ नेऊन हातवारे करून समजावलं होतं.

उलटा लावला तर खुर्ची मोडते का? नाही. दिसते का वेगळी? तेही नाही. गिऱ्हाइकाला जन्मात कळणार नाही. मी एकदा धीर करून विचारलं होतं, "मग कशाला काका?" ते म्हणाले, "मला कळतं ना." पायाच्या तळव्यावरचा तो ठिपका आम्ही कधी पुसायचो नाही. आणि गेरूच्या डबीला त्यांच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. खूण फक्त मिस्त्रींची.

बाभळीचं सांगायचं राहिलंच. फिनलंडचं ते स्टूल भूर्जाचं. मिस्त्री म्हणायचे, "त्यांच्या दारात भूर्ज आहे म्हणून ते भूर्ज वापरतात. आपण सागासाठी लांब कशाला जायचं? आपल्या बांधावर काय आहे?" आणि बाभळीची स्टुलं करायला लागले. आधी त्या स्टुलासारखे पाय वाकवायचे म्हणून काकूंचं मोदकपात्र शेडमध्ये नेलं, लाकूड वाफवलं. बाभूळ तडकली आणि काकूही. मग वाकवायचा नाद सोडला. सरळ तीन पाय, जरा बाहेर झुकलेले. तीन पायांचं स्टूल वरखाली शहाबादी फरशीवरही डुगडुगत नाही.

पण दोन महिन्यांत एक स्टूल परत आलं. खाली पिठासारखी भुकटी पडत होती, आत किडा. मग दुसरं आलं. मिस्त्री दोन्ही समोर ठेवून बसून राहिले. काकूंनी जेवायला हाक मारली तरी उठले नाहीत.

मी झाडू मारता मारता म्हणाले, "आमच्याकडं आधी पाण्यात ठेवतात."

"काय?"

परत बोलायचं म्हणजे माझ्या जिवावर आलं.

"मोठ्यानं बोल की गं. भांडी घासताना आवाज करतेस तेवढा तरी कर."

"बाभूळ कापली की नदीत दाबून ठेवतात. बैलगाडीच्या चाकासाठीची. पाच-सहा महिने. मग किडा लागत नाही."

पुढच्याच रविवारी त्यांनी मला आणि काकूंना घेऊन सायखेडा गाठलं. माझे वडील गोदेकाठी डोहात दगड ठेवून दाबलेले ओंडके दाखवत होते आणि मिस्त्री पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात. वडील मला बाजूला घेऊन म्हणाले, "हा माणूस खरंच परदेशात जाऊन आलाय? यानं कधी लाकूड भिजलेलं पाह्यलं नाय का?" घरी गेल्यावर मिस्त्रींनी पिशवीतून स्टूल काढलं आणि वडिलांना म्हणाले, "आधी बसा."

"मी कशाला? बसायला जमीन हाय की."

"तुमच्या मुलीनं घासलंय ते."

वडील बसले. उठले, स्टुलाभोवती फिरले, परत बसले. मग शेजारच्याला हाक मारली, "ए, इकडं ये. हे बघ, आमच्या पोरीनं केलंय. बस. बस रे!" संध्याकाळपर्यंत अर्ध्या गल्लीने त्या स्टुलावर बसून घेतलं. त्यानंतर आमची बाभूळ सायखेड्याच्या डोहात भिजायची, आणि स्टूल परत आलं नाही.

काकूंना मात्र मिस्त्रींच्या हातची एकही खुर्ची मिळाली नव्हती. "माझ्या खुर्चीचं लाकूड अजून वाळतंय," त्या सांगायच्या. "मी वाळले तरी ते वाळेना."

कुंभमेळा होऊन गेला होता, त्याच्या पुढच्याच वर्षी कळवणहून काम आलं. तिथल्या मुलींच्या एका शाळेत वाचनाची खोली होत होती. तीस स्टुलं हवी होती. मुख्याध्यापिका बाई स्वतः आल्या, बसल्या, मुलींचं माप दिलं आणि जाताना म्हणाल्या, "आमच्याकडच्या मुली घरी जमिनीवर बसून वाचतात. इथे तरी त्यांना वाटू दे, आपल्यासाठी काही केलंय."

मिस्त्री इतके खूश मी कधी पाहिले नव्हते. "शाळेत," ते परत परत म्हणायचे. "शाळेत जाणार आपलं स्टूल." बाई गेल्यावर त्यांनी भिंतीवरचं फिनलंडचं स्टूल काढलं, पुसलं आणि परत टांगलं.

त्या कामात सांध्यांचं बरंच काम त्यांनी माझ्यावर सोडलं. मला वाटलं, विश्वास. फळीवर तळहात ठेवून ते आता आधीपेक्षा जास्त वेळ थांबायचे. मला वाटलं, वय. फळ्या दारात न्यायचंही त्यांनी बंद केलं होतं, आतच बसल्या जागी हात फिरवून ठिपका लावायचे. तेही माझ्या ध्यानात आलं, पण त्यावर मी विचार केला नाही.

टेम्पो यायला सहा दिवस होते. अठ्ठावीस स्टुलं रांगेत लागली होती, शेवटच्या दोनांना मी पॉलिश पेपर मारत होते. एका पायाला लहानशी गाठ होती, नखाएवढी. गाठ म्हणजे जिथे फांदी फुटली ती जागा. फांदी वर जाते, त्यामुळे गाठीचा कल नेहमी शेंड्याकडे असतो. या गाठीचा कल जमिनीकडे होता.

मी स्टूल आडवं केलं. तळव्यावर गेरूचा ठिपका होता. मग बाकीचे पाय बघितले. सहाही पाय एकाच फळीचे, आणि सहाही डोक्यावर उभे. रांगेतली अठ्ठावीसही आडवी करून बघितली, ती बरोबर होती. पाचरी ठोकून झाल्या होत्या, म्हणजे आता पाय निघणार नाहीत. निघाले तर बैठक फुटणार.

खूण मिस्त्रींनीच केली होती. आणि ती चुकली होती.

मी भांडी घासायच्या निमित्ताने आत गेले आणि काकूंना सांगितलं. काकू पोळी लाटत होत्या. लाटणं थांबलं.

"त्यांना दिसत नाही गं," त्या म्हणाल्या. "शुगरनं एक डोळा गेला, दुसऱ्याला धूसर दिसतं. कुणाला सांगू नको म्हणालेत. तुला तर मुळीच नाही."

मी उभीच राहिले. तळहात ठेवून ते हल्ली जे जास्त थांबायचे, तेव्हा ते हातानेच फळी बघत होते तर.

"तू सांगितलंस ना, तर ते शेड बंद करतील," काकू म्हणाल्या. "आणि शेड बंद झाली की हा माणूस उठून बसायचा नाही. त्या पोरींना काय कळणार आहे? माझं ऐक, गप्प राहा. तुला गप्प राहायची सवय आहे."

हे शेवटचं मला लागलं. खोटं नव्हतं म्हणून जास्तच लागलं.

दुपारभर मी ती दोन स्टुलं घासत बसले. घासायचं काही उरलं नव्हतं. सांगितलं तर मिस्त्रींना कळणार की आपला हात आता फसवतो. नाही सांगितलं तर त्यांच्या हातून कधी झालं नाही ते घडून ही स्टुलं कळवणला जाणार, आणि ते अभिमानाने टेम्पोला निरोप देणार. "मला कळतं ना," ते म्हणायचे. आता त्यांना कळत नव्हतं, आणि मला कळत होतं.

चार वाजता चहा आला. मी कप तसाच ठेवला आणि एक स्टूल उचलून त्यांच्यासमोर नेलं.

"काका, हे पाय उलटे आहेत."

आवाज शेडभर गेला. मलाच दचकायला झालं.

त्यांनी मान वर केली नाही. "खूण मी केलीय," म्हणाले.

"खूण चुकलीय."

"तीस वर्षं खूण करतोय मी."

"गाठ बघा," मी म्हणाले. आणि मग त्यांचं बोट धरून गाठीवर ठेवलं. त्यांना हात लावायची माझी ती पहिली वेळ.

अंगठा गाठीवरून फिरला. खाली, वर, परत खाली. बराच वेळ. मग दुसऱ्या पायावर गेला, तिसऱ्यावर गेला. काकू दारात येऊन उभ्या होत्या, पदराचं टोक तोंडाशी. मला वाटलं, आता हे उठतील आणि शेडला कुलूप लावतील, माझ्यामुळे.

मिस्त्रींनी स्टूल खाली ठेवलं. हात झटकले. माझ्याकडे तोंड केलं आणि म्हणाले, "आधी बस."

मला कळेना.

"बस म्हणतोय. इतकी वर्षं माझ्याकडे आहेस, एकदाही बसलेलं ऐकलं नाही मी तुला. उकिडवी, नाहीतर उभी. बस त्याच्यावर."

मी बसले. कडेवर.

"नीट बस."

मी नीट बसले. पाय टेकले, पाठ सरळ झाली. ते माझ्यासमोर फरशीवर उकिडवे बसून, तोंड वर करून, त्यांना जेवढं दिसत होतं तेवढं बघत राहिले. मग कोपऱ्यातली गेरूची डबी चाचपून घेतली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"उद्यापासून खूण तुझी. दोन स्टुलं नवीन कर. फळी दारात नेऊन बघ, माझ्यासारखी आत बसून नको."

काकू रडत होत्या आणि हसतही होत्या. "मग या दोनांचं काय करायचं?"

"एक मी घेतो," मिस्त्री म्हणाले. "माझी चूक आहे, मीच बसीन तिच्यावर. त्याची खूण पुसून टाक गं. खोटी खूण नको."

"दुसरं मला द्या," काकू म्हणाल्या. "मला उलटं चालतं. तुमच्याबरोबर इतकी वर्षं काढलीत." अशी काकूंना शेवटी मिस्त्रींच्या हातची बसायची वस्तू मिळाली, आणि ती स्वयंपाकघरात गेली.

सहा दिवसांत मी दोन स्टुलं केली. पहिला ठिपका लावताना गेरू इतका घेतला की ठिपक्याचा डाग झाला. मिस्त्री म्हणाले, "दाखव," आणि दोन्ही स्टुलांच्या पायांवरून वरपासून खालपर्यंत हात फिरवला. मग चहा मागितला, साखर घालून. काकूंनी साखर न घालता दिला.

टेम्पोबरोबर मुख्याध्यापिका बाई आल्या. तीस स्टुलं अंगणात मांडलेली. त्यांनी एकेक हात लावून पाहिलं आणि मिस्त्रींना म्हणाल्या, "मिस्त्री, फार सुंदर केलंत."

"मिस्त्री मी होतो," ते म्हणाले. माझ्याकडे हात केला. "आता ह्या."

मला ते तोपर्यंत कधी 'अगं'शिवाय काही म्हणाले नव्हते. मी पदर तोंडावर घेऊन आत पळाले. आतून ऐकत होते. बाई विचारत होत्या, "यांचं शिक्षण कुठं झालं?" मिस्त्री ऐटीत म्हणाले, "इथंच. जपान आणि फिनलंडची विद्या मी आणली, बाभूळ त्यांची."

त्यानंतर चार वर्षं ते शेडमध्ये रोज यायचे. पुढे पुढे काहीच दिसत नसे. आपल्या उलट्या स्टुलावर दारात बसायचे, कुणाची चप्पल वाजली की "आधी बसा" म्हणायचे, आणि माणूस बसल्यावर नुसत्या आवाजावरून मला सांगायचे, "जड बसलेत. बैठक रुंद घे," नाहीतर, "टेकले नाहीत, बघ." बहुतेक वेळा बरोबर असायचे. सकाळी मी छिलपा काढला की पेपर मीच वाचायची, आता भरभर. एखादे दिवशी मुद्दाम हळू वाचलं तर म्हणायचे, "आज छिलपा जाड आहे वाटतं."

गेले तेही गाजावाजा न करता गेले. सकाळी काकू चहा घेऊन आल्या तेव्हा स्टुलावर भिंतीला टेकून बसलेले होते.

शेड चालू आहे. आम्ही तीन बाया आहोत आता. गिऱ्हाईक आलं की "आधी बसा" मला म्हणावंच लागतं, आणि मला येतं म्हणायला. मध्ये एकदा कळवणला गेले होते. वाचनाच्या खोलीच्या दारातून आत बघितलं. मुली वाचत होत्या, पाय टेकलेले, कुणी मान वर केली नाही. मी आत गेले नाही. एका कोपऱ्यात एक स्टूल रिकामं होतं, तेवढं आडवं करून तळवा बघावासा फार वाटला. बघितला नाही. खूण बरोबर आहे हे मला माहीत आहे.

संध्याकाळी शेड झाडताना आम्ही सगळी स्टुलं उचलून फळ्यांवर पालथी घालतो, पाय वर करून. मिस्त्रींच्या स्टुलावर कुणी बसत नाही, पण झाडायला तेही उचलावं लागतं. बाकीच्या स्टुलांचे पाय त्या वेळी शेंडा खाली करून डोक्यावर असतात. त्यांचं एक तेवढं, पालथं घातलं की बुंधा खाली, शेंडा वर, झाड उभं होतं तसं उभं असतं.